एकरभर माती, ग्रॅमभर पुरावा

एक एकर शेतातल्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन साधारण ९ लाख किलो भरतं. त्यातली अर्धा किलो माती शेतकरी पिशवीत घालून प्रयोगशाळेत देतो. सेंद्रिय कर्ब मोजायला तिथला तंत्रज्ञ त्या पिशवीतली घेतो जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे ९० कोटी ग्रॅमांच्या वतीने एक ग्रॅम साक्ष देणार आणि त्यावर वर्षभराच्या खताचा हिशेब ठरणार. यंत्र कितीही महागडं असलं तरी हा एक ग्रॅम बांधाकडेचा, उकिरड्याच्या जागेचा किंवा झाडाखालच्या पालापाचोळ्याचा असेल, तर अहवाल त्या उकिरड्याचा येतो, शेताचा येत नाही.

म्हणून माती परीक्षणाच्या पर्यायांचा विचार यंत्रापासून सुरू न करता कुदळीपासून करायला हवा. माती परीक्षणात होणाऱ्या चुकांपैकी मोठा वाटा नमुना घेतानाच्या चुकांचा असतो, हे या क्षेत्रातला कुणीही जाणकार सांगेल. पद्धत काही अवघड नाही. शेताचे आधी डोळ्यांनी भाग पाडायचे. वरची हलकी, मुरमाड पट्टी वेगळी, खालची काळी भारी जमीन वेगळी, पाणी साचणारा कोपरा वेगळा. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणं निवडायची. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची, वरपासून तळापर्यंतची दोन बोटं जाडीची माती तासून काढायची. हंगामी पिकांसाठी खोली १५ ते २० सेंटिमीटर पुरते.

सगळ्या खड्ड्यांमधली माती एकत्र कालवली की ढीग होतो चार-पाच किलोंचा. तो गोणपाटावर पसरायचा, बोटाने अधिकचं चिन्ह काढून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच चालू ठेवायचं. माती ओली असेल तर सावलीत सुकवायची, उन्हात नाही. आणि भरायची स्वच्छ कापडी पिशवीत. खताच्या रिकाम्या गोणीत भरलेल्या नमुन्यात नत्र-स्फुरदाचे आकडे फुगलेले दिसले तर दोष प्रयोगशाळेचा नसतो. जस्त, लोह अशी सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तेव्हा गंजकं खुरपं आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली हीसुद्धा टाळायची; प्लास्टिकचं घमेलं बरं. नुकतंच खत टाकलेल्या शेतातला नमुना घेऊ नये, मध्ये दोन-तीन महिने जाऊ द्यावेत.

प्रयोगशाळेत या मातीचं पुढे काय होतं, हे फार थोड्या शेतकऱ्यांनी पाहिलेलं असतं. खरं तर ते पाहण्यासारखं असतं. सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकली आणि ब्लॅक यांची पद्धत १९३४ सालची आहे आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घातलं की चंचुपात्र तापतं, मातीतला कर्ब जळतो, आणि शेवटी थेंब थेंब द्रावण सोडताना जांभळट निळा रंग एका क्षणी हिरवा होतो. त्या क्षणाचा आकडा टिपायचा. स्फुरद कळतो निळ्या रंगाच्या गडदपणावरून. पालाशासाठी द्रावण ज्योतीत फवारतात आणि ज्योतीतून निघणारा प्रकाश मोजतात. जस्त, लोह, मंगल, तांबे यांच्यासाठी लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली डीटीपीए पद्धत वापरतात.

इथे एक बारकावा महाराष्ट्रासाठी महत्त्वाचा आहे. स्फुरद मातीतून काढण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. ओल्सेनची पद्धत विम्लधर्मी, चुनखडीयुक्त मातीसाठी. ब्रेची आम्लधर्मी मातीसाठी. देशावरची काळी जमीन बेसाल्ट खडकापासून तयार झालेली, चुनखडीची, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर. कोकणातली जांभ्याची माती मुसळधार पावसाने धुऊन निघालेली, आम्लधर्मी. तिथे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. त्यामुळे रत्नागिरीच्या आंब्याच्या बागेतली माती पाठवताना, स्फुरद कोणत्या पद्धतीने काढणार, हे विचारून घेतलेलं बरं. प्रयोगशाळेला असे प्रश्न विचारलेले आवडतात की नाही हा भाग वेगळा.

नमुना द्यायचा कुठे, याला आता बरेच पर्याय आहेत. कृषी विभागाच्या जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत सोय आहे. अनेक कृषी विज्ञान केंद्रांत माती तपासून मिळते. ऊस उत्पादकांना मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि काही साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा जवळच्या वाटतात. खासगी प्रयोगशाळा अहवाल लवकर देतात आणि पैसे जास्त घेतात. त्यातली एखादी खत विकणाऱ्या दुकानाशीच जोडलेली असेल, तर शिफारशीचा कागद जरा सावधपणे वाचावा.

शिवाय घरोघरी पोचलेली जमीन आरोग्य पत्रिका आहेच. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथे या योजनेची सुरुवात झाली. पत्रिकेत बारा बाबी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. इतक्या मोठ्या देशात इतक्या शेतकऱ्यांच्या हातात मातीचे आकडे जाणं ही लहान गोष्ट नाही. पण योजनेतल्या नमुन्यांची आखणी जाळीच्या चौकोनांनी झाली होती. बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायती भागात दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे जवळपास २५ एकर. महाराष्ट्रात दोन-तीन एकरांचे धनी पुष्कळ. त्यामुळे पत्रिकेवर नाव स्वतःचं आणि माती शेजाऱ्याच्या वावरातली, असं सहज घडू शकतं. ज्याला खताचा खर्च खरंच कमी करायचा आहे, त्याने पत्रिका परिसराचा अंदाज म्हणून ठेवावी आणि आपल्या गटाचा नमुना वेगळा द्यावा.

अहवाल हातात आल्यावर तो वाचायचा कसा, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. मराठवाड्यातली मध्यम काळी जमीन, पुढचं पीक सोयाबीन. सामू ८.१, क्षारता ०.३५, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, नत्र हेक्टरी १७० किलो, स्फुरद ९, पालाश ४५०, जस्त ०.४५ पीपीएम. सर्वसाधारण निकषांनुसार सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी. नत्र २८० च्या खाली कमी, स्फुरद १० च्या खाली कमी, पालाश २८० च्या वर जास्त, जस्त ०.६ च्या खाली कमतरता. ढोबळ नियम असा, की अन्नद्रव्य कमी असेल तर शिफारशीच्या मात्रेपेक्षा पाव हिस्सा जास्त द्यायचं, जास्त असेल तर पाव हिस्सा कमी. म्हणजे या शेतात स्फुरद वाढवायचा, पालाशात बचत करायची आणि पेरणीच्या वेळी झिंक सल्फेट द्यायचं.

नत्राचं काय? आकडा कमी आहे म्हणून युरियाची गोणी रिकामी करायची का? सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतः मिळवतं. सुरुवातीला थोडा नत्र, जिवाणूसंवर्धकाची बीजप्रक्रिया, एवढं बहुधा पुरतं. अहवालातला नत्राचा आकडा तसाही सगळ्यांत चंचल. मातीतला नत्र पावसागणिक, तापमानागणिक रूप बदलतो, वाहून जातो, हवेत उडतो. नमुना एप्रिलमध्ये घेतला आणि पीक ऑगस्टमध्ये उभं असेल, तर मधल्या काळात बरंच घडून गेलेलं असतं. सामू, पालाश, चुनखडी हे आकडे त्या मानाने स्थिर. म्हणून नत्राच्या आकड्यापेक्षा सेंद्रिय कर्बाच्या आकड्याकडे जास्त लक्ष द्यावं. तोही एका हंगामात हलत नाही, पण दर दोन-तीन वर्षांनी त्याच भागातून, त्याच महिन्यात नमुना घेतला तर जमीन चढतीला लागली की उतरतीला, हे त्यातून दिसतं.

पाव हिस्सा जास्त-कमी या ठोकताळ्यापेक्षा नेमकी पद्धतही उपलब्ध आहे. किती उत्पादन हवं ते आधी ठरवायचं आणि मातीतला साठा वजा जाता किती खत लागेल, हे समीकरणाने काढायचं. राममूर्ती आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ही कल्पना भारतात रुजवली. कृषी विद्यापीठांनी ऊस, गहू, कांदा अशा पिकांसाठी आपापल्या भागातल्या मातीवर प्रयोग करून ही समीकरणं बसवली आहेत. अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाला त्यानुसार मात्रा काढून द्यायला सांगता येतं. फारच थोडे शेतकरी सांगतात.

आता पाण्याच्या बाजूकडे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. पंचवीस वर्षं उलटतात तोच पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. ती १९१० ची. पाटाचं पाणी मुबलक, निचरा शून्य, खालचे क्षार वर. तीच कहाणी पुढे कृष्णा आणि पंचगंगेकाठी, सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात पुन्हा घडली. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला, अकोला-अमरावती-बुलढाण्यातला खारपाण पट्टा तर भूजलासकट खारा.

अशा जमिनीत नेहमीची नत्र-स्फुरद-पालाशाची चाचणी करून काही हाती लागत नाही. प्रश्नच वेगळा असतो: जमीन खारवट आहे की चोपण? खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त. वर पांढरा थर फुलतो, सामू बहुधा साडेआठच्या आत. तिला लागतो निचरा आणि गोडं पाणी. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला. सामू साडेआठच्या वर, पाणी जिरत नाही, डबक्यातलं पाणी गढूळच राहतं. तिथे जिप्सम लागतं आणि त्यानंतर निचरा. नुसत्या खारवट जमिनीत टनांनी जिप्सम ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. म्हणून अशा ठिकाणी विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण आणि जिप्समची गरज या दोन चाचण्या मुद्दाम मागाव्या लागतात. बारा बाबींच्या पत्रिकेत त्या नसतात. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा नमुनाही सोबत द्यावा. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्राने भूमिगत सच्छिद्र पाईप टाकून निचरा करण्यावर काम केलं आहे, पण पाईप टाकण्याआधीही माती तपासणं चुकत नाही.

आणखी एक घोळ आकड्यांचा. आपल्याकडच्या प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून क्षारता मोजतात आणि त्यात एकच्या आतला आकडा ठीक धरतात. पुस्तकांत मात्र बऱ्याचदा चारची मर्यादा दिसते. ती संपृक्त मातीतून काढलेल्या पाण्याची असते. दोन्ही आकडे एकाच फूटपट्टीने मोजले तर बिघडलेली जमीनही चांगली वाटते.

गोव्यातल्या खाजन आणि कोकणातल्या खार अशा खाडीकाठच्या जमिनींत नमुन्याचा महिनाच निकाल बदलतो. मे महिन्यात क्षारता वर चढलेली असते. जुलैच्या पावसाने क्षार धुऊन गेले की त्याच शेतात भात रुजतो. तिथे एकाच नमुन्यावर निर्णय घेऊ नये.

फळबागेचा हिशेब तर सरळ खालून सुरू होतो. संत्रा, मोसंबी, डाळिंब, द्राक्ष लावायचं तर झाडाची मुळं वीतभर खोलीवर थांबणार नाहीत. लागवडीआधी एक मीटर खोल खड्डा घेऊन ३०-३० सेंटिमीटरच्या थरांचे वेगवेगळे नमुने द्यायला हवेत आणि मुक्त चुनखडीची चाचणी आवर्जून करून घ्यायला हवी. वरची माती सुरेख आणि दोन फुटांवर चुनखडीचा थर, अशा जमिनीत चौथ्या-पाचव्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली की कोणतीच फवारणी फारशी कामाला येत नाही. चुनखडी १० टक्क्यांच्या पुढे गेलेली असेल तर लिंबूवर्गीय फळझाडं लावू नयेत असाच सल्ला सहसा मिळतो. हंगामी पिकाची चूक एका हंगामात निस्तरता येते, बागेची चूक पंधरा वर्षं छळते. त्यामुळे परीक्षणावर सगळ्यांत जास्त खर्च करावा तो बाग लावणाऱ्याने, एकदाच, पण पूर्ण.

बाग लागल्यावर मात्र मातीपेक्षा झाडाला विचारलेलं बरं. द्राक्ष बागायतदारांमध्ये देठ परीक्षण चांगलंच रुजलं आहे. एप्रिल छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानाचा देठ तपासतात. मातीत काय आहे हे एक आणि वेलीने त्यातलं किती उचललं हे दुसरं. चुनखडीच्या जमिनीत या दोन आकड्यांत मोठी तफावत पडते.

झटपट यंत्रांचं आकर्षण मोठं आहे. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेने विकसित केलेला मृदापरीक्षक आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचा एसटीएफआर मीटर ही खेड्यापाड्यांत नेता येणारी छोटी प्रयोगशाळाच. त्यात रसायनं असतात, रंग उमटतो, मोजमाप होतं. नीट शिकलेला तरुण गावात बसून हे काम करू शकतो. आयआयटी कानपूरने २०२१ मध्ये मांडलेलं भूपरीक्षक वेगळ्या तत्त्वावर चालतं. ५ ग्रॅम कोरड्या मातीवर अवरक्ताच्या जवळचा प्रकाश टाकायचा आणि परतणाऱ्या प्रकाशावरून ९० सेकंदांत अंदाज बांधायचा. असल्या यंत्राचा अंदाज त्याला आधी किती आणि कुठल्या मातीचे नमुने दाखवून शिकवलं आहे यावर अवलंबून. गंगेच्या गाळावर शिकलेलं यंत्र विदर्भाच्या काळ्या मातीत चाचपडू शकतं. घेण्याआधी एवढं विचारावं: आमच्या भागातल्या मातीवर याचा पडताळा घेतला आहे का?

बाजारात काही शे रुपयांत मिळणाऱ्या दोन सळ्यांच्या मीटरबद्दल मात्र सौम्य बोलण्याचं कारण नाही. मातीत खुपसा, काटा हलतो, सामू कळतो, असं खोक्यावर छापलेलं असतं. दोन वेगळ्या धातूंमध्ये ओल्या मातीमुळे किंचित वीज तयार होते आणि काटा तिच्यावर हलतो. तांब्याभर पाणी घातलं की वाचन बदलतं. ओल आहे की नाही, एवढं सांगण्याइतपत ते ठीक. पण तेवढं बोटालाही कळतं. नत्र-स्फुरद-पालाश एका झटक्यात दाखवणाऱ्या सळ्याही बहुतेक वेळा मातीची विद्युत वाहकता मोजून त्यावरून आकडे रचतात.

गच्चीवरच्या बागेला तर हेक्टरी किलोंची भाषाच लागू पडत नाही. कुंडीत रोपवाटिकेतली लाल माती, कोकोपीट, गांडूळखत यांचं मिश्रण असतं. तिथे दोनच आकडे कामाचे: सामू आणि क्षारता. कुंडीला नेहमीसारखं पाणी घालायचं, अर्ध्या तासाने वरून थोडं शुद्ध केलेलं पाणी ओतायचं आणि तळातून गळणारं पाणी वाटीत धरायचं. त्यात सामूची पट्टी आणि टीडीएस मोजण्याचा पेन बुडवला की काम झालं. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या मोगऱ्याची किंवा गुलाबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर सामू वर गेल्यामुळे लोह अडकल्याची शक्यता मोठी. नव्या सोसायटीच्या बागेत हीच तक्रार सिमेंट-चुन्याच्या राडारोड्यामुळे येते. तिथे खत घालण्याआधी फूटभर खणून खाली काय पुरलं आहे ते पाहावं. रहदारीच्या जुन्या रस्त्यालगत पालेभाजी लावणाऱ्यांनी एकदा शिशाची चाचणी करून घ्यावी. देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण शिसं मातीतून लवकर जात नाही.

घरच्या घरी, बिनखर्चात करण्यासारख्या चाचण्याही आहेत. काचेच्या उभ्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा दोन-एक तासांत, चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. थरांची जाडी मोजली की जमिनीचा पोत कळतो. कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाकून फेस आला तर चुनखडी आहे. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून एकदा जिरू द्यायचा, पुन्हा भरून तासाभरात पाणी किती उतरलं ते पाहायचं; निचऱ्याचा इतका सरळ पुरावा दुसरा मिळत नाही. वाळलेलं ढेकूळ हळूच पाण्याच्या ग्लासात सोडलं आणि ते विरघळून पाणी दुधाळ गढूळ झालं, तर सोडियमचा संशय घ्यावा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तर हिरव्या चहाच्या आणि रूईबॉसच्या पिशव्या ८ सेंटिमीटर खोल पुरून ९० दिवसांनी त्यांचं वजन करण्याची पद्धत काढली. किती चहा कुजला यावरून मातीतले जीवजंतू किती जोमाने काम करतात हे कळतं. शाळेच्या बागेत करायला हा प्रयोग फार चांगला आहे.

या चाचण्यांनी खताची मात्रा ठरत नाही. पण प्रयोगशाळेला कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरतं.

खरीप पिकासाठी नमुना द्यायचा तर तो रब्बीचं पीक निघाल्यावर, एप्रिलच्या सुरुवातीलाच द्या. मेच्या अखेरीस प्रयोगशाळांत पिशव्यांचे ढीग लागतात आणि अहवाल येतो तोवर पेरणी उरकलेली असते. पिशवीत आणि पिशवीवर, दोन्हीकडे चिठ्ठी ठेवा: नाव, गाव, गट क्रमांक, नमुन्याची खोली, आधीचं पीक, पुढचं पीक, पाण्याची सोय. पुढचं पीक लिहिलं नाही तर शिफारशीचा रकाना कोरा येतो.